पेढीवरून ताऱ्यांकडे : फ्रीडरिख विल्हेल्म बेसेल यांचे जीवनकार्य

हिवाळ्याच्या दिवसांत रात्रीचे जेवण आटोपून अंगणात किंवा गच्चीवर आले, की मृग नक्षत्राच्या आग्नेयेस एक तारा लखलखताना दिसतो. तो व्याध. अरबीत त्याला शिअरा म्हणतात आणि इंग्रजीत सिरियस. रात्रीच्या आकाशातील सर्व ताऱ्यांत हाच सर्वांत तेजस्वी. प्राचीन इजिप्तमधील लोक त्याच्या पहाटेच्या उदयावरून नाईल नदीच्या पुराचा अंदाज बांधत असत. हजारो वर्षे माणूस या ताऱ्याकडे पाहत आला; परंतु हा तारा एकटा नाही, त्याला एक सोबती आहे आणि त्या सोबत्याच्या ओढीमुळे तो आपल्या वाटेवर किंचित डुलत चालतो, ही गोष्ट १८४४ सालापर्यंत जगाला ठाऊक नव्हती. ज्याने ती जगाला सांगितली, त्याने तो सोबती स्वतःच्या डोळ्यांनी कधीही पाहिला नाही. विशेष म्हणजे या माणसाची शाळा चौदाव्या वर्षी सुटली होती आणि त्यानंतरची सात वर्षे त्याने एका व्यापारी पेढीवर हिशेबाच्या वह्या लिहिण्यात काढली होती.

आपल्या सूर्याभोवती जसे ग्रह फिरतात, तसेच ते इतर ताऱ्यांभोवतीही फिरतात, हे आज सिद्ध झाले आहे. अशा ज्ञात ग्रहांची संख्या २०२५ च्या सप्टेंबरमध्ये ६,००० च्या पुढे गेली. नवलाची गोष्ट अशी, की यांतील अगदी थोडेच ग्रह कोणाला प्रत्यक्ष दिसलेले आहेत. बाकीचे सारे त्यांच्या ताऱ्यांवर होणाऱ्या परिणामांवरून ओळखले गेले. जे दिसते त्याच्या वागणुकीचे काटेकोर मोजमाप करून जे दिसत नाही ते ओळखायचे, हा मार्ग ताऱ्यांच्या बाबतीत ज्यांनी प्रथम घालून दिला, त्या फ्रीडरिख विल्हेल्म बेसेल यांच्या जीवनाची ओळख करून द्यावी, हा या लेखाचा हेतू आहे.

बालपण आणि शाळेचा निरोप

बेसेलचा जन्म २२ जुलै १७८४ रोजी जर्मनीच्या वेस्टफालिया प्रांतातील मिंडेन या गावी झाला. वडील सरकारी कचेरीत नोकरीला होते. पगार बेताचा आणि घरात तीन मुलगे व सहा मुली अशी नऊ भावंडे. एवढ्या मोठ्या संसाराची तोंडमिळवणी करताना वडिलांची ओढाताण होत असे.

मुलाला गावच्या शाळेत घातले होते. त्या काळच्या शाळांत लॅटिन भाषेला फार महत्त्व होते. लॅटिन येईल तो हुशार आणि न येईल तो मठ्ठ, असा सरळ हिशेब असे. या मुलाला लॅटिनची मनापासून नावड होती. आकडेमोड मात्र तो आवडीने आणि झपाट्याने करी. अखेर चौदा वर्षांच्या मुलाने शाळा सोडून व्यापारात शिरायचे असे ठरले. १ जानेवारी १७९९ रोजी ब्रेमेन या बंदराच्या शहरातील कुलेनकांप यांच्या पेढीवर तो उमेदवार म्हणून दाखल झाला. करार सात वर्षांचा होता आणि उमेदवारीच्या काळात पगार नव्हता.

आपल्याकडेही घरची गरज म्हणून मुलगा दुकानावर किंवा कारखान्यात जाऊ लागला, की त्याचे शिक्षण संपले असे आपण सहज म्हणून टाकतो. बेसेलच्या बाबतीत मात्र खरे शिक्षण येथूनच सुरू झाले.

पेढीवरची सात वर्षे

कुलेनकांप यांच्या पेढीचा व्यापार समुद्रापलीकडच्या देशांशी चाले. दिवसभर मालाच्या याद्या, भाव, हुंड्या आणि पत्रव्यवहार यांत हा मुलगा गुंतलेला असे. कामात तो इतका चोख निघाला, की मालकांची मर्जी त्याच्यावर लवकरच बसली. पुढेमागे जहाजावरील मालाचा अधिकारी म्हणून दूरदेशी जायला मिळेल, अशी आशा त्याच्या मनात होती. त्यासाठी काय काय यावे लागते याचा त्याने स्वतःच विचार केला आणि रात्री जागून भूगोल, इंग्रजी व स्पॅनिश यांचा अभ्यास चालू केला. भर समुद्रात जहाज नेमके कोठे आहे हे आकाशातील ताऱ्यांवरून ठरवावे लागते. म्हणून तो नौकानयनाचे शास्त्र शिकू लागला. ते नीट समजेना, तेव्हा त्याने खगोलशास्त्राची पुस्तके मिळवली. आणि खगोलशास्त्र समजेना, तेव्हा गणिताची. नोकरीत बढती मिळावी म्हणून उघडलेले हे दार त्याला कोठवर नेणार आहे, याची त्याला स्वतःलाही कल्पना नव्हती.

पुस्तकी ज्ञानावर त्याचे समाधान झाले नाही. सुतार आणि घड्याळजी यांच्या मदतीने त्याने कोन मोजण्याचे एक साधे यंत्र तयार करून घेतले. चंद्र एका ताऱ्याला झाकतो तो क्षण त्याने टिपला आणि त्यावरून ब्रेमेन शहराचे रेखांश काढले. उत्तर जवळजवळ बरोबर आले. परदेशी जाण्याचा विचार हळूहळू मागे पडला आणि आकाशाचे वेड पुढे आले.

१८०४ साली त्याच्या वाचनात १६०७ च्या धूमकेतूचे जुने वेध आले. हा धूमकेतू म्हणजे पुढे हॅले या नावाने प्रसिद्ध झालेलाच होय. बेसेलने त्या जुन्या वेधांवरून धूमकेतूची कक्षा गणिताने काढली. वय अवघे वीस. आता हे कागद दाखवायचे कोणाला? ब्रेमेनमध्येच ओल्बर्स नावाचे गृहस्थ राहत असत. ते दिवसा डॉक्टरकी करीत आणि रात्री आकाश पाहत. पॅलस हा लघुग्रह त्यांनी १८०२ साली शोधून काढला होता. २८ जुलै १८०४ रोजी ते रस्त्याने जात असताना या संकोची तरुणाने धीर करून त्यांना गाठले आणि आपले गणित दाखवण्याची परवानगी मागितली.

ओल्बर्स यांनी ते कागद वाचले आणि ते चकित झाले. पेढीवरच्या एका उमेदवाराने एखाद्या विद्वानाला शोभेल असे काम केले होते. त्यांनी निबंध प्रसिद्ध होण्याची व्यवस्था केली, तरुणाला ग्रंथ दिले, पुढचे प्रश्न सुचवले. पुढे थोर कीर्ती मिळाल्यावरही ओल्बर्स सांगत असत, की खगोलशास्त्राची आपल्या हातून घडलेली सर्वांत मोठी सेवा म्हणजे बेसेलला ओळखून पुढे आणणे. विद्यार्थ्याची जात, घराणे वा पदवी न पाहता त्याचे काम पाहणारा गुरू भेटणे ही केवढी भाग्याची गोष्ट असते, हे यावरून दिसून येते.

१८०६ साली पेढीवर चांगल्या पगाराची जागा समोर असताना बेसेलने ती नाकारली आणि ब्रेमेनजवळच्या लिलिएंटाल येथे श्रोटर यांच्या खाजगी वेधशाळेत अल्प वेतनावर सहायकाचे काम पत्करले.

कोनिग्सबर्गची वेधशाळा

त्या काळी नेपोलियनने प्रशियाचा दारुण पराभव केला होता. निम्मे राज्य गेले होते आणि जबर खंडणी भरावी लागत होती. तिजोरी रिकामी. अशा वेळी एखाद्या राज्याने शिक्षणाचा खर्च प्रथम कापला असता. प्रशियाने उलटे केले. १८१० साली बर्लिनचे विद्यापीठ उघडले आणि पूर्वेकडच्या कोनिग्सबर्ग शहरात नवी वेधशाळा उभारण्याचे ठरवले. या वेधशाळेचे संचालक म्हणून पंचवीस वर्षांच्या बेसेल यांची निवड झाली.

अडचण एकच होती. विद्यापीठात शिकवायचे तर पदवी हवी, आणि बेसेल यांच्याजवळ शाळा पूर्ण केल्याचाही दाखला नव्हता. अखेर थोर गणिती गाउस यांच्या शिफारशीवरून गटिंगेन विद्यापीठाने त्यांना सन्मान्य डॉक्टरेट दिली आणि मार्ग मोकळा झाला. १८१२ साली योहाना हागेन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १८१३ च्या अखेरीस वेधशाळा बांधून पूर्ण झाली. मोठमोठ्या ठिकाणांहून निमंत्रणे आली तरी पुढे आयुष्यभर त्यांनी कोनिग्सबर्ग सोडले नाही.

येथे त्यांनी हाती घेतलेले पहिले मोठे काम वरवर पाहता रूक्ष वाटेल. इंग्लंडच्या ग्रिनिच वेधशाळेत ब्रॅडली यांनी १७५० ते १७६२ या काळात हजारो वेध घेऊन ठेवले होते. ते छापले गेले, पण कच्च्या स्वरूपात. हवेमुळे ताऱ्याचा प्रकाश वाकतो, पृथ्वीचा अक्ष हळूहळू फिरतो, यंत्र तापते व आकसते, घड्याळ पुढेमागे जाते. हे सारे दोष वजा केल्याशिवाय ताऱ्याचे खरे स्थान हाती येत नाही. बेसेल यांनी ३,२२२ ताऱ्यांच्या बाबतीत हे वजाबाकीचे काम पुरे केले. पेढीवर दुसऱ्याच्या वह्यांतील चुका शोधून मेळ घालणारा तोच हात येथे आकाशाची खातेवही तपासत होता. १८१८ साली हा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि ताऱ्यांची स्थाने ठरवण्याचा तो पाया ठरला. ज्या लॅटिनच्या कंटाळ्याने मुलाने शाळा सोडली, त्याच लॅटिनमध्ये हा ग्रंथ लिहिलेला आहे.

चुकीचा हिशेब

बेसेल यांचा स्वभाव समजून घ्यायचा असेल तर एक प्रसंग सांगणे आवश्यक आहे. १७९६ साली ग्रिनिचचे प्रमुख मॅस्केलिन यांनी किनब्रुक नावाच्या आपल्या साहाय्यकाला कामावरून कमी केले. दुर्बिणीतील तारेवरून तारा सरकण्याची वेळ घड्याळाच्या ठोक्यांशी ताडून लिहायची असे. किनब्रुकची वेळ मॅस्केलिन यांच्या वेळेपेक्षा सेकंदाच्या आठ दशांश इतकी मागे पडे. समज देऊनही फरक पडला नाही, तेव्हा माणूस निष्काळजी ठरला आणि त्याची नोकरी गेली.

अनेक वर्षांनी ही हकीगत बेसेल यांच्या वाचनात आली. त्यांच्या मनात निराळाच प्रश्न उभा राहिला. किनब्रुक मन लावून काम करीत असेल आणि तरीही फरक पडत असेल तर? त्यांनी स्वतःच्या आणि इतर निष्णात निरीक्षकांच्या वेळा ताडून पाहिल्या. त्यांच्यात आणि त्यांचे शिष्य अर्गेलांडर यांच्यात सेकंदाहूनही जास्त फरक निघाला. दोघेही दक्ष, दोघेही प्रामाणिक. म्हणजे डोळा आणि कान यांचा मेळ घालताना प्रत्येक माणसाला लागणारा वेळ वेगळा असतो. तो गुन्हा नव्हे. तो मोजावा आणि हिशेबात धरावा. किनब्रुकला याचा काही उपयोग झाला नाही. परंतु त्यानंतरच्या निरीक्षकांना न्याय मिळाला.

यंत्रांच्या बाबतीतही त्यांचा हाच दृष्टिकोन होता. प्रत्येक यंत्र दोनदा घडते असे ते मानीत : एकदा कारागिराच्या हातून धातूचे आणि दुसऱ्यांदा निरीक्षकाच्या हातून कागदावर, त्याचे सारे दोष मोजून. निर्दोष यंत्र जगात नाही. पण ज्याचे दोष ठाऊक आहेत ते यंत्र निर्दोष यंत्राइतकेच कामाचे असते.

हंस तारकासमूहातील ६१ वा तारा

१८२१ ते १८३३ या काळात त्यांनी सुमारे ७५,००० वेध घेऊन मंद ताऱ्यांची स्थाने नोंदवली. यानंतर ते अशा एका प्रश्नाकडे वळले, की ज्याने कोपर्निकसच्या काळापासून विद्वानांना सतावले होते. पृथ्वी सूर्याभोवती फिरत असेल तर जवळचे तारे दूरच्या ताऱ्यांच्या मानाने वर्षभरात थोडे इकडेतिकडे सरकलेले दिसले पाहिजेत. हाताचे बोट डोळ्यांसमोर धरून आधी एक डोळा मिटावा, मग दुसरा. बोट मागच्या भिंतीवर सरकलेले दिसते, तसेच हे. याला पराशय म्हणतात. तो मिळाला की ताऱ्याचे अंतर मिळते. पण १५४३ पासून जवळजवळ तीनशे वर्षे तो कोणालाही खात्रीने मोजता आला नव्हता.

बहुतेकांनी तेजस्वी तारे जवळचे समजून निवडले होते. बेसेल यांनी हंस तारकासमूहातील ६१ क्रमांकाचा मंद तारा निवडला. हा तारा आकाशात दरवर्षी पाच विकलांहून थोडा अधिक सरकतो. म्हणजे साडेतीनशे वर्षांत पूर्ण चंद्राच्या रुंदीएवढा. इतर ताऱ्यांच्या मानाने ही चाल फार वेगवान आहे, आणि जो इतका वेगाने सरकताना दिसतो तो जवळचा असला पाहिजे, असा त्यांचा तर्क होता.

या कामाला लागणारी दुर्बीण म्युनिकचे विख्यात भिंगकार फ्राउनहोफर यांच्याकडे तयार झाली. फ्राउनहोफर स्वतः अकरा वर्षांचे असताना पोरके झालेले, काचकारागिराकडे उमेदवारी करून वर आलेले. दुर्बीण पुरी होण्याआधीच, १८२६ साली, ते वारले. त्यांच्या कारखान्याने ती १८२९ मध्ये पोचती केली. तिचे मुख्य भिंग मधोमध कापून दोन अर्धुके केलेली होती. एक अर्धुक स्क्रूने सरकवले की एका ताऱ्याची प्रतिमा शेजारच्या ताऱ्याच्या प्रतिमेवर आणून बसवता येई आणि स्क्रूच्या फेऱ्यांवरून त्या दोघांतला कोन कळे.

ऑगस्ट १८३७ पासून पुढे वर्षभराहून अधिक काळ बेसेल यांनी शेजारच्या दोन मंद ताऱ्यांच्या आधाराने हा तारा मोजला. हवा बरी असेल त्या प्रत्येक रात्री पुनःपुन्हा तेच माप. अखेर १८३८ मध्ये उत्तर आले : पराशय ०.३१४ विकला. अडीच सेंटिमीटर व्यासाचे नाणे १६ किलोमीटरांवर ठेवले तर ते जेवढा कोन करील, तेवढा हा कोन. यावरून ताऱ्याचे अंतर सुमारे १० प्रकाशवर्षे निघाले. सेकंदाला तीन लाख किलोमीटर जाणाऱ्या प्रकाशाला तेथून येथे यायला दहा वर्षे! आजचे सुधारलेले माप ११.४ प्रकाशवर्षे आहे. त्याच सुमारास स्ट्रुव्ह यांनी अभिजित ताऱ्याचे आणि हेंडरसन यांनी मित्र ताऱ्याचे अंतर काढले. पण सर्वांना निःशंक पटले ते बेसेल यांचे माप. १८४१ साली लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले.

न दिसणारा सोबती

आता आपण पुन्हा व्याधाकडे येऊ. ब्रॅडली यांच्या काळापासूनच्या नोंदी शुद्ध करून ठेवल्यामुळे बेसेल यांच्या हाती सुमारे नव्वद वर्षांचा विश्वसनीय हिशेब होता. एकटा तारा आकाशात सरळ रेषेत सरकला पाहिजे. व्याध आणि प्रश्वा हे दोन तारे मात्र सरळ जात नव्हते. ते वाटेपासून किंचित एका बाजूला कलत, पुन्हा परत येत. व्याधाचे हे कलणे दोन-अडीच विकलांचेच होते. दुसऱ्या कोणी ते यंत्राची चूक म्हणून सोडून दिले असते. पण यंत्राच्या, हवेच्या आणि डोळ्यांच्या सर्व चुका ज्याने आयुष्यभर मोजल्या होत्या, त्याला ही चूक नाही हे सांगण्याचा अधिकार होता.

मग कारण कोणते? लहान मुलीने मोठ्या बाईबरोबर फुगडी घातली की मुलगी मोठ्या वर्तुळात भिरभिरते आणि बाई जागच्या जागी लहानशा वर्तुळात फिरते. पण अगदी स्थिर कोणीच राहत नाही. समजा, अंधार आहे आणि बाईच्याच अंगावर पांढरे लुगडे आहे. मुलगी दिसणार नाही. पण बाई फिरते आहे एवढ्यावरूनही तिचे हात कोणीतरी धरलेले आहेत हे कळेल. बेसेल यांचा युक्तिवाद हाच होता. व्याध आणि प्रश्वा यांना न दिसणारे जड सोबती आहेत आणि दोघे मिळून एका सामाईक मध्याभोवती फिरतात. व्याधाच्या एका फेरीला अर्धे शतक लागत असावे असे त्यांनी १८४४ मध्ये जाहीर केले. प्रकाश देणे हा वस्तूचा आवश्यक गुण नव्हे. असंख्य तारे दिसतात म्हणून न दिसणारे तारे नाहीत असे ठरत नाही, अशी त्यांची भूमिका होती. ती सर्वांनाच पटली नाही. जो कोणी पाहिला नाही तो तारा मानायचा कसा, असे अनेकांना वाटले.

अखेरचे दिवस

याच पद्धतीचा आणखी एक प्रश्न त्यांच्या मनात घोळत होता. युरेनस ग्रह गणिताप्रमाणे चालत नव्हता. त्याच्या पलीकडे एखादा अज्ञात ग्रह असावा असे त्यांना वाटत होते. १८४२ साली ते इंग्लंडला गेले, तेव्हा जॉन हर्शेल यांच्याशी त्यांनी याविषयी बोलणेही केले. पण १८४० हे वर्ष त्यांच्यावर घाला घालून गेले होते. वास्तुशिल्पी झालेला त्यांचा तरुण मुलगा विल्हेल्म त्या वर्षी वारला, आणि युरेनसच्या गणिताला जुंपलेला साहाय्यक फ्लेमिंग हाही त्याच वर्षी गेला. ते काम जे मागे पडले ते पडलेच.

पुढे पोटाच्या असाध्य विकाराने त्यांना ग्रासले. वेदनांतही पत्रव्यवहार आणि लेखन चालू होते. १७ मार्च १८४६ रोजी वयाच्या एकसष्टाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यानंतर सहा महिन्यांनी, २३ सप्टेंबर १८४६ रोजी, युरेनसपलीकडचा तो ग्रह म्हणजे नेपच्यून, गणिताने दाखवलेल्या जागी बर्लिनमध्ये सापडला.

त्यांच्या इतर कामांचा येथे केवळ उल्लेख करता येईल. पूर्व प्रशियाची भूमिती मोजणी, पृथ्वीच्या आकाराचे १८४१ मधील माप आणि गणितातील बेसेल फलने यांनी त्यांचे नाव अभियंत्यांच्या रोजच्या वापरात ठेवले आहे. सामान्य नागरिकांसाठी त्यांनी दिलेली सुबोध व्याख्यानेही पुढे ग्रंथरूपाने निघाली.

सोबती दिसला

३१ जानेवारी १८६२ रोजी अमेरिकेतील केंब्रिजपोर्ट येथे क्लार्क या भिंगकार पितापुत्रांनी एक नवे मोठे भिंग व्याधाकडे रोखून तपासायला घेतले. मुलाला, म्हणजे अल्व्हान ग्रेअम क्लार्क याला, व्याधाच्या झगमगाटाशेजारी एक बारीक ठिपका दिसला. भिंगाचा दोष असेल असे वाटले. पण तो दोष नव्हता. गणिताने सांगितलेल्या दिशेलाच तो सोबती होता. व्याधाहून सुमारे दहा हजार पटींनी मंद, आणि फेरीचा काळ पन्नास वर्षे. प्रश्वाचा सोबती १८९६ साली दिसला. हे दोघेही ग्रह नव्हेत. ते विझत चाललेले तारे आहेत. अशांना श्वेत लघुतारे म्हणतात. व्याधाच्या सोबत्याचे वस्तुमान जवळजवळ सूर्याएवढे असून आकार मात्र पृथ्वीएवढा आहे.

डुलणारे तारे आणि त्यांचे ग्रह

एवढा जड सोबती ताऱ्याला डुलवतो, तर ग्रहही थोडासा डुलवीलच. मात्र ते डुलणे फारच सूक्ष्म असते. गुरूसारखा प्रचंड ग्रह आपल्या सूर्याला सेकंदाला सुमारे साडेबारा मीटर एवढ्याच वेगाने हलवतो. पृथ्वी तर फक्त नऊ सेंटिमीटरने.

बेसेल यांच्या मार्गाने ग्रह शोधू पाहणारे काहीजण फसले, आणि ते का फसले हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. १९६३ मध्ये अमेरिकेत व्हॅन डे कँप यांनी बर्नार्डचा तारा डुलतो व त्याला ग्रह आहे असे जाहीर केले. त्यामागे अनेक वर्षांची छायाचित्रे आणि अपार कष्ट होते. १९७३ मध्ये इतरांनी तपासले तेव्हा डुलणे आढळले नाही. त्या दुर्बिणीच्या भिंगाच्या बसवणुकीत केलेल्या फेरबदलांच्या वेळीच तारे हललेले दिसत होते. बेसेल यांनी ज्या हिशेबाचा आग्रह धरला होता, तेथेच घोटाळा झाला होता. व्हॅन डे कँप यांना हे शेवटपर्यंत पटले नाही. पुढे २०२४ साली याच ताऱ्याला एक छोटा ग्रह खरोखर सापडला आणि २०२५ पर्यंत ग्रहांची संख्या चार झाली. पण ते ग्रह पूर्वी सांगितलेल्या ग्रहाहून अगदी वेगळे, पृथ्वीपेक्षाही हलके आहेत.

यश मिळाले ते प्रकाशाच्या मदतीने. आगगाडी जवळ येताना शिटीचा आवाज चढा वाटतो आणि दूर जाताना उतरतो. डॉप्लर यांनी १८४२ मध्ये मांडलेला हा नियम प्रकाशालाही लागू आहे. तारा आपल्याकडे येत असेल तर त्याच्या वर्णपटातील रेषा निळ्या टोकाकडे सरकतात, दूर जात असेल तर तांबड्या टोकाकडे. १९९५ साली मायॉर आणि केलो या स्विस शास्त्रज्ञांनी महाश्व तारकासमूहातील ५१ क्रमांकाच्या ताऱ्याच्या रेषा दर ४.२ दिवसांनी पुढेमागे होताना पाहिल्या. गुरूच्या निम्म्या वस्तुमानाचा ग्रह त्या ताऱ्याला अगदी जवळून घिरट्या घालत होता. सूर्यासारख्या ताऱ्याभोवती सापडलेला हा पहिला ग्रह होय. या शोधाबद्दल दोघांना २०१९ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

दुसरी पद्धत अधिक्रमणाची. ग्रह ताऱ्यासमोरून गेला की ताऱ्याचा प्रकाश किंचित कमी होतो. दूरवरून पाहणाऱ्याला गुरू सूर्याचा प्रकाश शेकडा एकने कमी करताना दिसेल, तर पृथ्वी फक्त बारा हजारांत एक भागाने. १९९९ मध्ये अशी पहिली नोंद झाली. २००९ ते २०१८ या काळात काम केलेल्या केप्लर दुर्बिणीने याच पद्धतीने अडीच हजारांहून अधिक ग्रह मिळवले. अधिक्रमणाच्या वेळी ग्रहाच्या हवेतून गाळून आलेला प्रकाश तपासला तर त्या हवेत कोणते वायू आहेत हेही कळते. २०२२ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीने अशा एका ग्रहावर कार्बन डायऑक्साइड ओळखला. एका पद्धतीने ग्रहाचा आकार कळतो, दुसरीने वस्तुमान. दोन्ही मिळाली की तो खडकाळ आहे की वायूचा गोळा आहे, हे सांगता येते.

आणि बेसेल यांची मूळ पद्धत? तीही फळाला आली. २०१३ च्या डिसेंबरमध्ये सोडलेल्या गाया या युरोपीय यानाने २०२५ च्या आरंभापर्यंत आकाश मोजले आणि सुमारे दीड अब्ज ताऱ्यांचे पराशय काढले. त्याच्या नोंदींत एक तारा डुलताना आढळला. २०२५ मध्ये वर्णपटाच्या मदतीने खात्री करून तेथे गुरूच्या सुमारे बारा पट वस्तुमानाचा ग्रह असल्याचे जाहीर झाले. ताऱ्याचे आकाशातील स्थान मोजून, त्याचा तोल कोणीकडे जातो ते पाहून ग्रह ओळखणे. १८४४ मधील युक्ती १८१ वर्षांनी ग्रहापर्यंत पोचली.

समारोप

बेसेल यांची कोनिग्सबर्गची वेधशाळा दुसऱ्या महायुद्धात नष्ट झाली. ते शहर आज कालिनिनग्राड या नावाने रशियात आहे. इमारत गेली, यंत्रे गेली, मोजमापे मात्र राहिली, कारण ती खरी होती.

या चरित्रावरून शाळा सोडली तरी चालते असा अर्थ कोणी काढू नये. बेसेल यांनी शाळा सोडली. शिकणे सोडले नाही, आणि शाळेने जे दिले नव्हते ते रात्री जागून दामदुप्पट फेडले. परंतु परिस्थितीमुळे ज्या मुलामुलींची शाळा सुटली, त्यांच्यावर फुली मारण्याचा अधिकार आपल्याला नाही, एवढे तरी यातून निश्चित घ्यावे. आपल्या वस्तीतील एखाद्या दुकानात वही लिहीत बसलेल्या मुलाच्या मनात काय चालले आहे, हे बाहेरून दिसत नाही. रस्त्यात थांबून त्याचे कागद वाचणारा एखादा ओल्बर्स मात्र त्याला भेटला पाहिजे.

हिवाळ्यात व्याध उगवेल तेव्हा मुलांना घेऊन अवश्य गच्चीवर जावे. त्याचा सोबती साध्या डोळ्यांना दिसणार नाही. पण तो तेथे आहे.